कोरडी जागा

निर्मलकुमारच्या मोटारसायकलचं तेल गळायचं थांबलं, तर अभिमन मिस्तरीला काय मिळणार होतं, हे मी एका सकाळी दुकानाची कुलपं काढता काढता मनाशी मांडून पाहिलं. पैसा तर नाहीच. दुसऱ्या खेपेपासून त्यानं त्या गाडीचा पैसा घ्यायचं सोडलं होतं. शाबासकी म्हणावी, तर आमचे हीरालाल शेठ ती उधारीवरही देत नाहीत. मिळणार होतं ते इतकंच, की आपले डोळे आणि आपला हात अजून जागेवर आहेत, एवढी खात्री. आणि तेल थांबलं नाही तर? तर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की तो पान्यांची पेटी लोटनच्या हवाली करणार होता आणि पहूरला लेकीच्या घरी जाऊन ओट्यावर बसणार होता. लेकीला, झुंबरला, तसं कार्डही गेलं होतं. ते मीच लिहून दिलं होतं, म्हणून मला ठाऊक.

उलट तेल गळत राहण्यात बऱ्याच जणांचं भलं होतं. शेठना ती गाडी पहिल्या दिवसापासून नको होती. मुलगा निर्मलकुमार गादीवर बसायचा सोडून धुळ्याच्या रस्त्यावर वारा खातो, हे त्यांना पचत नव्हतं. लोटनला, म्हणजे अभिमनच्याच हाताखाली शिकून रथ चौकात समोरासमोर दुकान थाटलेल्या त्याच्या चेल्याला, आयतं गिऱ्हाईक मिळणार होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझंही बरंच होतं. आठवड्यातून दोनदा नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवरून धुळ्याला जाण्यापेक्षा मला एस.टी. केव्हाही चालली असती.

मी बळीराम पेठेत हीरालाल शेठांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात दिवाणजी. खिळे, तार, दोर, पत्रे, आणि अलीकडे विहिरींवर इंजिनं आली तसे पंपाचे पट्टे. पट्ट्यांची ऑर्डर गोळा करायला निर्मलकुमार एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत जायचा. गाडी लष्कराच्या लिलावात निघालेली, विलायती, एका सिलिंडरची. तिच्या अंगावरचा हिरवा रंग खरवडून अभिमननंच तिला काळी केली होती. सात वर्षं तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता. या सात वर्षांत ती कधी रुसली असेल, पण गळली नव्हती.

गळायला लागली आषाढात. शेठांकडे चातुर्मास बसला, त्यानंतरच्या दोन-चार दिवसांतली गोष्ट. आम्ही धुळ्याला निघालो. बांभोरीच्या पुलावर सगळं ठीक होतं. एरंडोलला निर्मलकुमारच्या डाव्या बुटावर डाग दिसला. पारोळ्याला दोन्ही बूट चमकत होते आणि माझ्या धोतराच्या काठाला काळी किनार आली होती. धुळ्यात आग्रा रोडवर ज्ञानचंद शेठांच्या दुकानापुढे गाडी उभी केली, तेव्हा तिच्याखाली ताटाएवढं थारोळं झालं. ज्ञानचंद शेठ म्हणजे आमच्या शेठांचे साडू. तोंडात सुपारी आणि बोलण्यात तिखट.

"काय रे निर्मल," ते पायरीवरूनच म्हणाले, "हीरालालनी तेलाचा धंदा कधीपासून सुरू केला? आणि घरपोच?"

निर्मलकुमार हसला. मी हसलो नाही. धोतर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी अभिमनकडे गेली. अभिमन म्हणजे काडीसारखा माणूस. डोक्याला रुमाल, कानावर अर्धी विडी, आणि नाकावर गेल्या वर्षापासून जाड भिंगांचा चष्मा. त्या चष्म्याची त्याला सासऱ्यापुढे पदर सरकल्यासारखी लाज वाटायची. कुणी दुकानात आलं की तो हळूच काढून खिशात टाकायचा.

त्याची तपासायची एक रीत होती. आधी इंजिन रॉकेलनं धुऊन लख्ख करायचं. मग फडक्यानं कोरडं करून त्यावर खडूची भुकटी फुंकायची. नगरपालिकेच्या शाळेतला शिपाई त्याला तुटके खडू आणून द्यायचा, ते तो खलबत्त्यात कुटून ठेवी. पांढऱ्याशुभ्र इंजिनाला किक मारायची आणि पुढ्यात उकिडवं बसून राहायचं. जिथं पांढऱ्यावर काळा ठिपका उमटेल, तिथं चोर. त्या दिवशी त्यानं वरच्या झाकणाचं जुनं पॅकिंग काढून नवं कापून बसवलं, भुकटी फुंकली आणि अर्धा तास इंजिन चालवलं. कुठं ठिपका नाही. फक्त पोटाखालच्या नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता.

"हे गळतंय की," मी बोट दाखवलं.

"ते गळणं नव्हे, दिवाणजी. ते तिचं नाक शे," अभिमन म्हणाला. "थोडं शेंबूड असायचंच. नाक कोरडं पडलं तर काळजी करायची."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यानंही बोलून सोडून दिलं. हे वाक्य तेव्हाच दोघांनी नीट ऐकलं असतं, तर पुढचे तीन महिने वाचले असते.

गाडी घरी गेली, एक रात्र राहिली, धुळ्याला निघाली आणि एरंडोलला पुन्हा बूट ओले. या खेपेला तेल वरच्या झाकणातून नव्हतं, बाजूच्या झाकणातून होतं. अभिमननं बाजूचं पॅकिंग बदललं. पुढच्या खेपेला तळाच्या बोल्टांतून. बोल्ट आवळले, तर सिलिंडरच्या बुडातून. एक शिवण शिवावी आणि शेजारची उसवावी, असं चाललं. आणि गंमत अशी की अभिमनच्या दुकानात गाडी अगदी सोवळ्यात. तास तास चालवा, खडूच्या भुकटीवर माशी बसल्याचा डागसुद्धा नाही. घरी गेली की धर्म सोडायची.

बाजाराला एवढं पुरे होतं. रथ चौकात चहा पिणाऱ्यांना गाडीतलं कळत नसलं, तरी माणसातलं कळतं असं त्यांना वाटतं. "म्हाताऱ्याचा हात गेला," कुणी म्हणालं. "डोळे गेले, हात आहे," दुसरा म्हणाला. लोटन मात्र काही म्हणाला नाही, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं. कुणी फार छेडलं की तो एवढंच म्हणायचा, "मना उस्ताद शे तो. त्यानी थप्पड खाईसन शिकेल शे मी." पण समोरच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडे आली, ती त्यानं परतही पाठवली नाहीत.

आमच्या शेठांचा हिशेब वेगळा होता. "दिवाणजी," ते मला म्हणाले, "जो माणूस चार वेळा तेच काम करतो आणि पैसे घेत नाही, त्याला काम येत नाही किंवा लाज आहे. दोन्हीपैकी काय?"

"लाज आहे," मी म्हणालो.

"मग काम नक्कीच येत नाही," ते म्हणाले. "दिवाळीला गाडी विकू."

हे अभिमनच्या कानावर गेलं. कुणी घातलं, ते विचारू नका. संध्याकाळी तो दुकानाच्या पायरीशी आला, चष्मा खिशात, हातात कोरं कार्ड. "पहूरले लिहा," म्हणाला. "दसऱ्यानंतर येस म्हणा. आते माले दिसत नही."

दसऱ्यानंतर येतो, असं मी लिहिलं. लिहिताना त्याच्या हाताकडे पाहिलं. नखांत चाळीस वर्षांचं काळं बसलेलं. असा हात लेकीच्या ओट्यावर बसून करणार काय? तुरीच्या शेंगा सोलणार?

पण अभिमन तसा चिवट. कार्ड टाकल्यावरही तो त्या गाडीला विसरला नाही. नवरात्र बसलं आणि त्यानं एकेक शंका घेऊन निकालात काढायला सुरुवात केली. आधी तेलावर संशय. शेठांच्या घरचा डबा मागवून तेच तेल आपल्या दुकानात भरून चालवलं. कोरडी. मग रस्त्यावर. मग निर्मलकुमारच्या वेगावर. शेवटी त्याची नजर माझ्यावर आली.

"दिवाणजी, वजन कितलं तुमचं?"

"माझ्या वजनाचा काय संबंध?"

"धुळ्याला जाताना मागं कोण बसतं? गाडी कुठं गळते?"

हसू नका. त्यानं खरोखर मला मागं बसवलं आणि दुकानातून निघून थेट बांभोरीच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. जाताना प्रत्येक खड्ड्यात घातलं, मला वाटतं मुद्दाम. परत येऊन पाहिलं तर खडू पांढराच्या पांढरा. मी निर्दोष सुटलो. आनंद झाला, पण बसायला दोन दिवस त्रास झाला.

त्याच दिवशी दुपारी निर्मलकुमार गाडी न्यायला आला, तेव्हा तो पाटावर बसून विडी ओढत होता, आणि अचानक त्यानं विडी विझवली.

"निर्मलभाऊ," तो म्हणाला, "तेल तेच, रस्ता तोच, दिवाणजी तेच. आठून, मना दुकानातून निघाली तर कोरडी, घरून निघाली तर ओली. मंग आता फरक एकच राहतो. रातभर गाडी तुमच्याकडे उभी राहते. तठे काहीतरी व्हतं."

"घरी काय होणार मिस्तरी? अंगणात उभी असते बिचारी. भूत आहे म्हणता?"

"भूत पण चालेल," अभिमन म्हणाला. "पण बघेन. आता गाडी माझ्याकडे आणायची नाही. मी तुमच्याकडे येतो. आणि येतो हे घरी कुणाला सांगायचं नाही."

खंडेनवमीच्या सकाळी, सात-साडेसातला, तो शेठांच्या मागच्या अंगणात हजर झाला. हातात खडूची पुडी, काखेत पान्यांची छोटी पिशवी. दुसऱ्या दिवशी दसरा. मला निर्मलकुमारनं बोलावून घेतलं होतं. शेठ जैन स्थानकात साधूंच्या व्याख्यानाला गेले होते. अंगणात नळ, नळाच्या तोंडाला बांधलेलं पाणी गाळायचं पांढरं चौपदरी फडकं, दोरीवर वाळत घातलेली तशीच आणखी दोन फडकी, आणि भिंतीला टेकून मोटारसायकल. जैनांच्या घरी हे फडकं म्हणजे गाळणं. त्याच्याशिवाय पाण्याचा थेंब वापरत नाहीत, पाण्यातला जीव मरू नये म्हणून. आमच्या शेठांच्या घरात हा कारभार त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीकडे होता. नाव प्रेमकुंवर, पण घरचे आणि आम्ही नोकरमाणसं सगळेच त्यांना भुवाजी म्हणायचो. पांढरं लुगडं, बोटांवर मोजता येईल एवढं जेवण, आणि मुंगीला वाट देऊन चालणारं पाऊल. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. अभिमनला बघून एक पाऊल पुढं आल्या आणि परत मागं गेल्या. मला वाटलं, परका माणूस, म्हणून.

अभिमननं गाडीत कशालाही हात न लावता खडू फुंकला. "आहे तश्शी न्यायची," तो म्हणाला. निर्मलकुमारनं किक मारली, अभिमन मागं बसला आणि दोघं पुलापर्यंत जाऊन अर्ध्या तासात परत आले. गाडी उभी राहिली आणि मी पाहिलं. पांढऱ्या इंजिनावर प्रत्येक जोडाशी काळी रेघ होती. वर, बाजूला, बुडाला, बोल्टाभोवती. कुणीतरी बसून शाईनं नकाशा काढावा तशी.

निर्मलकुमारनं कपाळाला हात लावला. अभिमन मात्र खूश. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि आम्हा दोघांदेखत, पहिल्यांदाच, नाकावर चढवला. मग वरच्या झाकणाचा एक स्क्रू सैल केला. फुस्स करून आतून वारा बाहेर आला, स्टोव्हची चावी सैल केल्यासारखा.

"आवाज ऐका," तो म्हणाला. "एका जागी गळलं तर ती जागा फुटलेली. बठ्ठीकडून गळतंय, म्हणजे फुटलेलं काहीच नाही. आतून कुणी ढकलतंय. आता मला सांगा, या गाडीवर न गळणारी जागा कोणती?"

आम्ही शोधू लागलो. तीन महिने सगळे ओली जागा शोधत होते. कोरडी जागा शोधायचं कुणाला सुचलंच नव्हतं. अभिमन जमिनीवर आडवा झाला. इंजिनाच्या पोटातून निघून मागच्या साखळीकडे जाणारी ती करंगळीएवढी नळी, जिच्या तोंडाशी त्याच्या दुकानात नेहमी एक थेंब लोंबायचा, तिच्याखालचा फरशीचा तुकडा स्वच्छ होता.

"नाक कोरडं कसं?" तो पुटपुटला आणि हात आत घातला.

हात तिथंच थांबला. बोटं काहीतरी चाचपत राहिली. मग त्यानं हळूच गाठ सोडवली आणि मूठ बाहेर काढली. मुठीच्या कडेनं काळंकुट्ट फडकं डोकावत होतं, तेल पिऊन चामड्यासारखं घट्ट झालेलं, वर धुळीचा गिलावा. पण घडी चौपदरी. आणि गाठ ती, जी आमच्यासमोर नळाच्या तोंडाला होती.

अभिमननं नळाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दाराआड पांढरा पदर हलला नाही.

त्याच वेळी पुढच्या दारातून शेठ आले. स्थानकातून आले की त्यांचा आवाज एक पट्टी चढलेला असतो. "काय अभिमन, आज घरापर्यंत? काय निघालं?"

आता इथं थांबून माझ्यासारख्या माणसानं मोजलंच असतं. मूठ उघडायची, एवढंच काम होतं. संध्याकाळच्या आत रथ चौकाला कळलं असतं की म्हाताऱ्याचे डोळे ठीक आहेत, हात ठीक आहे, दोष शेठांच्या घरच्या बाईचा. पेटी वाचली असती, दुकान वाचलं असतं. आणि भुवाजी? भावाच्या घरात तीस वर्षं राहिलेली बाई, गावाच्या तोंडी हसण्याचा विषय झाली असती.

अभिमननं मूठ खिशात घातली. "नळी तुंबली व्हती, शेठ. कचरा."

"कचरा!" शेठ म्हणाले. "चार वेळा गाडी तुझ्याकडे आली आणि तुला कचरा दिसला नाही?"

"नाही दिसला."

"म्हणजे चौकात बोलतात ते खरं."

अभिमननं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं शे, शेठ. डोया गयात मना."

ज्या एका गोष्टीला खोटं ठरवायला तो तीन महिने झटला, ती त्यानं भर अंगणात आपल्या तोंडानं मान्य केली. मला बोलायचं होतं, पण माझा पगार शेठांकडे होता. निर्मलकुमारनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दाराआडून आवाज आला.

"हीरा!"

शेठांना हीरा म्हणणारं जळगावात एकच माणूस होतं. भुवाजी बाहेर आल्या. नोकरांसमोर, मिस्तरीसमोर, उंबरा ओलांडून थेट गाडीपाशी.

"कचरा नको म्हणू. माझं गाळणं आहे ते. मी बांधलं."

शेठ बघत राहिले. "जीजी, गाडीला गाळणं?"

"तेल टपकायचं त्या नळीतून. फरशीवर मुंग्या येऊन चिकटायच्या. चातुर्मासात सकाळी उठून मी काय बघायचं, मेलेल्या मुंग्या? रात्री गरम नळीत किडा जायचा तो वेगळा. मी म्हटलं, पाण्याला बांधतो तसं याला बांधू. जुनं फडकं होतं."

"मग माझ्याकडे आली तेव्हा नसायचं ते?" अभिमननं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

भुवाजी जरा गोंधळल्या. "निर्मल सांगायचा, उद्या गाडी मिस्तरीकडे टाकतो. मग मी सोडून घ्यायची. परत आली की बांधायची."

"सोडायची कशाला, भुवाजी?" निर्मलकुमार ओरडला.

"तिथल्या मुंग्या तिथल्या माणसाच्या," भुवाजी म्हणाल्या. "आपल्या अंगणातल्या आपल्या. आणि फडकं हरवलं असतं."

मग एक विचित्र आवाज आला. अभिमन हसत होता. आधी गाडीला धरून हसला, मग पाय लांब करून फरशीवर बसला आणि हसता हसता चष्म्याखालून पाणी यायला लागलं. "म्हणजे मना डोया ठीक शेतस?" तो मला विचारत होता, निर्मलकुमारला विचारत होता, गाडीला विचारत होता. "दिवाणजी, हात पण ठीक शे?"

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो. "माझ्या वजनाचाही दोष नव्हता, तेवढं लक्षात ठेवा."

तो उठला आणि भुवाजींच्या पायांपासून हातभर अंतरावर फरशीला डोकं टेकवलं. "अक्का, तुमचे उपकार."

"अरे, माझ्यामुळेच झालं ना सगळं?"

"तुमच्यामुळं झालं म्हणूनच, अक्का. माझ्यामुळं झालं नाही."

मी आयुष्यात बरीच आभारप्रदर्शनं ऐकली आहेत, सहकारी सोसायटीच्या सभेतली लांबलचक. पण ज्यानं नुकसान केलं त्याचे इतक्या मनापासून आभार मानलेले मी हे एकदाच पाहिले.

मग अभिमननं समजावून सांगितलं. आतला दट्ट्या खाली आला की पोटातली हवा दाबली जाते, ती या नळीतून बाहेर जाते. नाक बांधलं की हवा अडते आणि तेलाला ढकलत जो जोड सापडेल त्यातून वाट काढते. त्यानं बदललेली सगळी पॅकिंगं चांगली होती. भुवाजींनी मन लावून ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"मग मुंग्यांचं काय?"

शेठ काहीतरी चढ्या आवाजात म्हणणार होते. अभिमननं हात वर केला. माझ्या माहितीत शेठांना कुणी असं थांबवलं नव्हतं, आणि शेठ थांबले. "अक्काचं बरोबर शे," अभिमन म्हणाला. "हवा सुटली पाहिजे, तेल फरशीवर पडलं नाही पाहिजे, किडा आत गेला नाही पाहिजे. नळीला रबर जोडू, खाली डबी लावू. डबीच्या तोंडाला बारीक जाळी. फडक्यानं कोंडतं, जाळीतून श्वास जातो. पण जाळी पितळेची पाहिजे, बारीक विणीची. आता कुठं मिळेल?"

दुकानात खिडकीची जाळी होती. ती मुंगीला दरवाजासारखी. आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. आमच्या घरी इंदिराबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीनं, नाशिकहून आणलेली चहाची पितळी गाळणी होती. मी तोंडातून काढलं मात्र, निर्मलकुमार माझ्या घरी जाऊन ती घेऊनही आला. इंदिराबाई घरी नव्हत्या, शेजारी खंडेनवमीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. अभिमननं दांडा मोडला, जाळी कापली, पत्र्याच्या डबीवर बसवली. तासाभरात काम झालं. भुवाजींनी वाकून डबी पाहिली, जाळीवर फुंकर घालून पाहिली, आणि मान हलवली. एवढी बारकाईची तपासणी अभिमनच्या कामाची कुणी केली नसेल.

दसऱ्याला सकाळी अभिमननं पाने, हातोड्या, सांडशी धुऊन पाटावर मांडल्या, झेंडू वाहिला. लोटन आला. पेटी न्यायला म्हणून नवं कुलूप घेऊन आला होता बिचारा. अभिमननं त्याच्या हातात पेढा ठेवला. "कुलूप तुझ्या दुकानाले लाव," म्हणाला. "मनी पेटी उघडीच राहील अजून." लोटन पेढा खाऊन उस्तादाच्या पाया पडला. तोंड गोड होतं म्हणून असेल, पण मला तो मनापासून खूश दिसला. आलेली दोन गिऱ्हाइकंही त्यानं पुढच्या आठवड्यात परत पाठवली.

आणि मग एक गोष्ट झाली, ती चौकानं बघितली. हीरालाल शेठ, जे स्वतःच्या पायानं बाजारात कुणाकडे जात नाहीत, ते बळीराम पेठेतून चालत आले, अभिमनच्या दुकानात तेलकट खोक्यावर पांढऱ्या धोतरानिशी बसले आणि अर्धा तास बसून राहिले. बोलले फारसं नाही. फक्त जाताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोष आमच्या घरचा होता, मिस्तरी. हात तुमचा चांगला आहे." भुवाजींचं नाव त्यांनी घेतलं नाही. घर म्हणाले, आणि घराचा धनी म्हणून ते ओझं आपल्या डोक्यावर घेतलं. शाबासकी देत नाहीत म्हणून मी वर लिहिलं आहे, ते आता खोडायला हवं.

चौथ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. बांभोरी, एरंडोल, पारोळा. बूट कोरडे, धोतर कोरडं. ज्ञानचंद शेठ पायरी उतरून आले, गाडीखाली वाकून बघितलं, फरशीला बोट लावून बघितलं. "हे काय?" ते फार निराश होऊन म्हणाले. "धंदा बंद?"

परतताना मी पहूरला नवं कार्ड टाकलं. अभिमननं सांगितलेला मजकूर एका ओळीचा होता: येत नाही, डोळे बरे आहेत.

आता कुणी काय भरलं ते लिहून टाकतो. भुवाजींनी तीन उपवास केले, मुंग्यांचे की मिस्तरीचे, ते विचारायची माझी छाती झाली नाही. शेठांचं एक धोतर तेलात गेलं. निर्मलकुमारला दर रविवारी वाकून डबी रिकामी करायची शिक्षा लागली, म्हणून गाडीचं पोट कसं दिसतं हे त्याला पहिल्यांदा कळलं. मी आजही मागच्या सीटवर बसतो. पण खरी रक्कम भरली ती त्या दिवशी घरात नसलेल्या इंदिराबाईंनी. गाळणी गेल्याचं कळल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भुवाजींकडून कोऱ्या मलमलीचं एक गाळणं आलं, चौपदरी, कडा हातानं शिवलेलं, सोबत निरोप की माझ्यामुळे तुमचं गेलं. आमच्याकडे चहा अजून त्या फडक्यानंच गाळतात.

नवी गाळणी आणतो म्हटलं, तर इंदिराबाई नको म्हणतात.